खोकला कोणाच्या पापाचा?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. वय अवघं तेहेतीस. क्षयानं त्यांना आतून पोखरलं होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीनं त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं आणि दारूपायी झालेल्या सुधाकर वकिलाच्या वाताहतीवर मराठी माणूस डोळे पुसू लागला.

नाटककार क्षयानं गेला आणि त्याचा नायक दारूनं. पहिल्याबद्दल आपण म्हणतो, ‘काय नशीब बघा, एवढा प्रतिभावंत आणि भर उमेदीत गेला.’ दुसऱ्याबद्दल म्हणतो, ‘स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं.’ छातीचा आजार झाला तर दैव, यकृताचा झाला तर करणी, असे दोन निकाल आपल्या मनात तयार असतात. दोन्ही निकालांमागे प्रश्न मात्र एकच आहे. माणूस आजारी पडतो तेव्हा तो कसला तरी भोग भोगत असतो का? आणि भोगत असेल, तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी काय करायचं?

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेलं हे शेतकऱ्यांचं गाव वीस-पंचवीस वर्षांत बहुमजली सोसायट्यांचं झालं. त्या सोसायट्या बांधणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांच्या लेबर कॅम्पात राहतात. गळिताच्या हंगामात कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम साखर कारखान्यासाठी ऊस तोडणारी कुटुंबं कोप्या घालून उतरतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी पोरं भाडं परवडावं म्हणून एका खोलीत पाच-पाच, सहा-सहा जण झोपतात. त्यातल्या एखाद्याचा खोकला दोन आठवडे झाले तरी हटत नाही. संध्याकाळी अंगात कणकण असते, पँट कमरेला सैल होते. बेडका तपासायला दिला की टीबी निघतो. गावी फोन जातो आणि आई विचारते, ‘आपण कुणाचं काय वाईट केलं होतं रे?’ खोलीमालक विचारतो, ‘खोली कधी सोडतोस?’ आणि तोच पोरगा पिणारा निघाला, त्याचं लिव्हरही बिघडलेलं सापडलं, तर कोणी काही विचारत नाही. निकाल लागलेला असतो.

आईच्या प्रश्नाचं मूळ फार जुनं आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाचं कोणतं चिन्ह पुढच्या जन्मी अंगावर उमटतं, याची यादी आहे. तिथे क्षयरोग ब्रह्महत्या करणाऱ्याच्या वाट्याला आला आहे. पुढे कर्मविपाकाच्या ग्रंथांनी ही यादी वाढवत नेली आणि प्रत्येक रोगाला एकेक पाप चिकटवलं. चंद्राची कथाही त्याच वळणाची. दक्षाच्या सत्तावीस मुलींशी लग्न केलेला चंद्र एकट्या रोहिणीत रमला, बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं, दक्ष कोपला आणि चंद्राला यक्ष्मा जडला. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या आठव्या अध्यायाची सुरुवात याच कथेनं होते.

पण त्या अध्यायात पुढे काय आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. चंद्र बरा झाला तो अश्विनीकुमारांच्या, म्हणजे देवांच्या वैद्यांच्या उपचारांनी. शाप मिळालेल्यालाही वैद्याची गरज पडली आणि वैद्यांनी आधी पापाची झडती घेतली नाही. कथा संपते आणि चरक माणसांकडे वळतो. माणसाला यक्ष्मा का होतो, याची तो चार कारणं देतो: ताकदीबाहेरचे श्रम, शरीराचे वेग दाबून धरणं, शरीरातल्या धातूंची झीज आणि वेळीअवेळी, नको ते खाणं. जंतूची कल्पना तेव्हा नव्हती. क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. तरीही चरकानं दिलेली चार कारणं लेबर कॅम्पातल्या माणसाच्या दिवसावर ठेवून पाहावीत. बारा तास सिमेंटची पोती वाहणं, झोपेचा पत्ता नाही, दुपारी वडापाव, रात्री उरलं तर डाळभात. चारांपैकी तीन तरी जुळतात, आणि त्यातलं एकही त्या माणसाचं पाप नाही.

शरीराची रचना पाहिली तर छातीचा एक न्याय आणि पोटाचा दुसरा न्याय हा भेदही टिकत नाही. यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं आणि त्याच्या माथ्यावर, पातळशा पडद्याच्या पलीकडे उजवं फुप्फुस टेकलेलं असतं. यकृत कडक होऊन, म्हणजे सिरोसिस होऊन पोटात पाणी साठलं, की त्या पडद्यातल्या बारीक फटींतून ते वर छातीत चढतं, बहुतेक वेळा उजव्याच बाजूला. रोग यकृताचा आणि धाप फुप्फुसाची. आणखी एक प्रकार आहे, जो पाहून अनुभवी डॉक्टरही थबकतात. यकृत बिघडल्यावर फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, रक्त प्राणवायू पुरता न घेताच पुढे वाहत जातं. दम लागलेला माणूस एरवी उठून बसतो. हा रुग्ण बसला की जास्त धापतो आणि आडवा झाला की त्याला बरं वाटतं. बोटांची टोकं फुगीर होतात, नखं निळसर दिसू लागतात. यावर खरा इलाज यकृताच्या प्रत्यारोपणाचा. नवं यकृत बसलं की फुप्फुसं हळूहळू सावरतात.

श्रीनिवास रामानुजन यांच्या बाबतीत यकृत आणि फुप्फुस यांची गल्लत झाली असावी, असं आज अनेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमध्ये १९१७ पासून त्यांच्यावर क्षयाचे म्हणून उपचार झाले, सॅनेटोरियममध्ये थंड हवेत ठेवलं गेलं. १९२० साली ते बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या आजाराच्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा हा अमीबामुळे झालेला यकृताचा विकार असण्याची शक्यता जास्त, असं मत १९९४ मध्ये मांडलं गेलं. अमीबाचा यकृतातला गळू फुटून वर छातीत शिरू शकतो, मग रुग्ण खोकतो तेव्हा गडद तपकिरी पू बाहेर पडतो. यकृतातला रोग, खोकला छातीचा. इतक्या गुंतलेल्या शरीरात नशिबाचा भाग कुठे संपतो आणि दोषाचा कुठे सुरू होतो, अशी रेघ मारायची तरी कशी?

मारुंजीतल्या त्या पोराचंच पाहा. टीबी निघाल्यावर त्याला सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळतात. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. वजनाप्रमाणे कोणाला तीन गोळ्या, कोणाला चार. पुढचे चार महिने तीन औषधं. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, ते पाहून घाबरून कित्येक जण गोळ्या टाकून देतात. पण खरी भीती वेगळी आहे. या चारांपैकी पहिली तीन औषधं यकृताला जाच करू शकतात. काहींना मळमळ सुरू होते, जेवण नकोसं होतं, डोळे पिवळे पडतात. यकृताचे एन्झाइम मर्यादेबाहेर वाढले तर डॉक्टर औषधं थांबवतात, यकृत शांत होण्याची वाट पाहतात आणि मग एकेक औषध परत सुरू करून बघतात. ज्याचं यकृत आधीच दारूनं किंवा काविळीच्या विषाणूनं खिळखिळं झालंय, त्याच्या बाबतीत ही कसरत पहिल्या दिवसापासून करावी लागते. यकृताला जपणारी औषधं कोणती, तर इथॅम्ब्युटॉल, काही क्विनोलोन आणि स्ट्रेप्टोमायसिन.

यातल्या स्ट्रेप्टोमायसिनचं नाव पिंपरीकरांना परकं नाही. क्षयावर चालणारं हे पहिलं औषध १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना सापडलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा सुरुवात पेनिसिलिननं झाली. पुढे १९६० च्या दशकात तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. ‘एचए कंपनी’ म्हणून जुनी माणसं जिचं नाव घेतात ती हीच. आज टीबीच्या नेहमीच्या उपचारात हे इंजेक्शन मागे पडलं आहे, कान आणि मूत्रपिंड जपून ते द्यावं लागतं. पण यकृत हरलेल्या रुग्णाला टीबी झाला तर त्याची आठवण अजूनही निघते. इथल्या औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासात हे एक मोठं कर्म म्हणून नोंदवावं असं आहे. त्या औषधानं ज्याचा जीव वाचला, त्याला कोणी मागच्या जन्माचा हिशेब विचारला नव्हता.

कर्म मानणाऱ्या परंपरेतच या हिशेबाला ठाम नकार देणारी उत्तरं आहेत. त्यातलं सगळ्यात स्पष्ट उत्तर बुद्धाचं. पाली त्रिपिटकातल्या संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो, की माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. तुमचं मत काय? बुद्ध आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, तिघांचं एकत्र बिघडणं, ऋतुबदल, वागण्यातली हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी, आठवं, कर्माचा विपाक. सगळं काही कर्मानंच होतं म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाला आणि जगाच्या समजुतीलाही ओलांडून बोलतात, असा त्याचा निवाडा. बुद्धानं कर्म नाकारलं नाही. आठातलं एक म्हणून त्याला त्याच्या जागी बसवलं आणि उरलेली सात कारणं डोळ्यांनी पाहता येतील, हातानं बदलता येतील, अशी ठेवली.

मारुंजीहून जवळच देहूरोड आहे. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची कठोर तपासणी केली आहे. हा सिद्धांत सोयीचा कोणाला, असा त्यांचा रोख आहे. गरिबाची अवस्था त्याच्याच मागच्या कर्माची मानली की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात, असं त्यांनी लिहिलं. क्षयाला हे वाक्यागणिक लागू पडतं. हा रोग कोंदट खोलीत वाढतो, अर्धपोटी माणसाला आधी गाठतो, धुळीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात घर करतो. खोलीला खिडकी असावी, पोटात डाळ असावी, दगड किंवा फरशी कापताना पाण्याचा फवारा आणि नीट मास्क असावा, हे ठरवणारी माणसं वेगळी आणि खोकणारा वेगळा. त्याच्या खोकल्याला त्याचंच पाप म्हणून मोकळं झालं, की खिडकीचा विषय निघतच नाही.

चरकाचंही याच मुद्द्यावर ऐकायला हवं. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पांचाल देशात, कांपिल्य नगराजवळ गंगेच्या काठी अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की माणसांच्या प्रकृती, आहार, वय सगळं वेगवेगळं असताना एकाच वेळी एकाच रोगानं गावंच्या गावं कशी उठतात? आत्रेय सांगतात, सगळ्यांना सामाईक अशा चार गोष्टी आहेत: वायू, पाणी, जमीन आणि काळ. त्या बिघडल्या की सगळे बिघडतात. आणि त्या बिघडतात अधर्मानं. इथे वाचणारा पुन्हा पापाकडे वळेल, पण आत्रेय अधर्म कोणाचा तेही सांगतात. देशाचे, नगराचे आणि व्यापारी संघांचे प्रमुख धर्म सोडून वागतात, त्यांच्यामागून बाकीचे जातात, आणि हवा-पाणी नासतं. दोष आजारी माणसाच्या गाठोड्यात न टाकता तो सत्ता आणि व्यवहार चालवणाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवणारा हा उतारा हिंजवडी-चाकणच्या हवेविषयी आजही वाचता येतो. त्याच अध्यायात पुढे, आयुष्य पूर्णपणे आधीच ठरलेलं असेल तर औषधाला काही अर्थच उरणार नाही, असाही युक्तिवाद आहे.

हवा सामाईक आहे, हे क्षयाइतकं दुसऱ्या कोणत्याच रोगानं शिकवलं नसेल. खोकताना, मोठ्यानं बोलताना उडणारे थेंब हवेत सुकतात, एक ते पाच मायक्रॉन इतके बारीक कण उरतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. जगातल्या जवळजवळ एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. कोणाला होतो? ज्याला पोटभर मिळत नाही, ज्याला मधुमेह किंवा एचआयव्ही आहे, जो धूम्रपान करतो, जो खूप पितो. २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यातले एक चतुर्थांशाहून जास्त भारतात होते.

उपासमार आणि दम यांचं नातं देहूला चारशे वर्षांपूर्वी एका घरात दिसलं होतं. तुकोबांच्या पहिल्या पत्नी रखमाबाई यांना दम्याचा विकार होता आणि म्हणून त्यांचं दुसरं लग्न पुण्याच्या जिजाईंशी झालं, असं परंपरा सांगते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगाही गेला. ज्याच्या घरात सावकारी होती, त्याच्या घरात ही गत. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तुकोबांना याचं उत्तर संचितात शोधणं सोपं होतं. परंपरेनं जपलेली हकीकत अशी, की ते भामनाथाच्या डोंगरावरून परतले, कर्जखतं काढली, अर्धी भाऊ कान्होबाच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. ज्यांच्याकडून येणं होतं ते लोकही दुष्काळातूनच निघालेले होते. दुःखाचं कारण कोणाच्या पापात शोधण्याऐवजी तुकोबांनी स्वतःच्या हाती असलेला फास सैल केला.

झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ नावाच्या अभ्यासानं त्या फासाचं मोजमाप केलं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं झालेल्या या अभ्यासात टीबीच्या २,८०० रुग्णांना आणि त्यांच्या घरातल्या दहा हजारांवर लोकांना सामावून घेतलं होतं. ज्या घरांना जास्तीचं धान्य मिळालं, त्यांतल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ अशी शिधापाटी होती. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फुप्फुसाच्या, पसरणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, तर त्याच्या मरणाचा धोका जवळजवळ साठ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. दीड किलो डाळीनं जे टळतं, त्याला प्रारब्ध म्हणणं कठीण आहे. केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. त्यात मूठभर शेंगदाणे, दोन अंडी आणि वाटीभर डाळ रोज येते का, हे मारुंजीच्या बाजारात जाऊन पाहण्यासारखं आहे.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. पिणाऱ्याचं काय? त्याला दारू दुसऱ्या कोणी पाजली नाही. जबाबदारी हा शब्दच पुसून टाकायचा का?

आधी एक वस्तुस्थिती. यकृत बिघडलेला प्रत्येक माणूस पिणारा नसतो. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी, मधुमेह आणि लठ्ठपणामुळे यकृतात साठणाऱ्या चरबीनं, कधी जन्मजात दोषानं सिरोसिस होतो. थेंबही न घेणाऱ्या बाईला सिरोसिस झाल्यावर शेजारणींच्या नजरांना उत्तरं द्यावी लागतात, हा अन्याय उघड आहे. पण पिणाऱ्यापुरता प्रश्न उरतोच. दारू यकृत जाळते आणि तीच टीबीचा धोकाही वाढवते. खूप पिणाऱ्याला टीबी होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट. म्हणजे त्याच्या छातीचा रोगही अंशतः त्याच्या पिण्यातून येतो. गडकऱ्यांनी सुधाकराला दोषमुक्त केलं नाही. पण तळीराम, आर्य मदिरामंडळ आणि भोवतीचे टाळ्या वाजवणारे हात यांनाही त्यांनी मंचावर आणलं. दोष आहे, पण तो एकट्याचा नाही, हे त्या नाटकानं दाखवलं.

प्रत्यारोपणाच्या दारात या प्रश्नाला धार येते. दारूनं यकृत गेलेल्याला नवं यकृत देण्याआधी सहा महिने दारू सोडल्याचं सिद्ध करावं, असा नियम अनेक केंद्रांनी वर्षानुवर्षं पाळला. त्यामागे वैद्यकीय कारण होतं आणि नैतिक रागही होता. २०११ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांतून, ज्यांना घरचा आधार आहे असे २६ जण काळजीपूर्वक निवडून त्यांनी वाट न पाहता प्रत्यारोपण केलं. सहा महिन्यांनी त्यातले ७७ टक्के जिवंत होते. तशाच अवस्थेत प्रत्यारोपण न झालेल्यांपैकी २३ टक्के. बाकीचे सहा महिने पुरे करायला जगलेच नव्हते. प्रायश्चित्त आधी आणि जीव नंतर, हा क्रम त्या रुग्णांना परवडणारा नव्हता.

जबाबदारी आणि दोषारोप यांत इथे फरक करावा लागतो. दोषारोप मागे पाहतो आणि काय झालं त्यावर शिक्का मारून थांबतो. जबाबदारी पुढे पाहते. पिणाऱ्यावर आजपासून दारू सोडण्याची, समुपदेशनाला जाण्याची, गोळ्या न चुकवण्याची जबाबदारी आहेच. टीबीच्या रुग्णावर तोंडाला रुमाल धरण्याची, सुरुवातीचे आठवडे गर्दी टाळण्याची, पुरा कोर्स घेण्याची जबाबदारी आहेच. अर्धवट सोडलेल्या औषधांतून औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो आणि तो शेजाऱ्यालाही होतो. यात दयामाया नाही. पण ही जबाबदारी ज्याला निभवायची त्याला जागा, जेवण आणि रोजगार लागतो. खोलीतून हाकललेला माणूस दुसऱ्या शहरात जातो आणि गोळ्या मागे राहतात.

हाकलण्याची गरजही नव्हती, हे १९५९ सालीच सिद्ध झालं आहे. मद्रासच्या क्षयरोग केंद्रानं १९३ गरीब रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधं दिली. वर्षभरानं दोन्हीकडे बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं. घरच्यांना संसर्गाचा धोकाही घरी उपचार घेतल्यामुळे वाढला नाही, कारण उपचार सुरू होण्याआधीच जी लागण व्हायची ती होऊन गेलेली असते आणि औषध पोटात गेलं की रुग्णाची पसरवण्याची ताकद झपाट्यानं उतरते. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी उभारलेल्या बेल-एअरसारख्या सॅनेटोरियमांचा काळ त्यानंतर ओसरत गेला. औषध घेणाऱ्या माणसाला घराबाहेर काढायला वैद्यकशास्त्राचा आधार उरलेला नाही.

बृहदारण्यक उपनिषदात एक छोटा विचार आहे, जो या सगळ्या चर्चेत वेगळा पडतो. आजारी माणूस जो ताप सोसतो ते थोर तप आहे असं जो जाणतो, तो श्रेष्ठ लोक जिंकतो, असं तिथे म्हटलं आहे. रोग म्हणजे शिक्षा, ही कल्पना इथे पार उलटी होते. सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्यांची मूठ गिळणं, मळमळ दाबून कामावर जाणं, पिवळे डोळे घेऊन रक्त तपासायला रांगेत उभं राहणं, याला तप म्हणायला हरकत नाही. मात्र हे वाक्य रुग्णानं स्वतःशी म्हणायचं आहे. दुसऱ्यानं त्याला सांगितलं की तेच वाक्य त्याला एकटं सोडण्याची सबब होऊन बसतं.

तप संपल्यावरचा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. सहा महिन्यांनी बेडक्यात जंतू सापडत नाहीत, कार्डावर ‘बरा’ असा शेरा पडतो आणि त्या माणसाला तिसरा मजला चढताना धाप लागते. टीबीनं फुप्फुसात व्रण ठेवलेले असतात, श्वासनलिका सैल पडलेल्या असतात, कधी पोकळी उरलेली असते आणि तिच्यात बुरशी घर करते. हजेरी भरून काढायला तो परत ग्राइंडिंगच्या मशीनवर किंवा फरशी कापायला बसला, तर सिलिकाच्या धुळीनं उरलेलं फुप्फुसही जातं आणि टीबी परत येण्याचा धोका वाढतो. यकृत आधीच कमकुवत असेल तर पुढच्या खेपेला औषधं निवडायलाही फारशी जागा राहत नाही. अशा माणसाला फुंकून करायची श्वासाची तपासणी लागते, जी मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते. छातीतला कफ काढण्याचे व्यायाम लागतात, तंबाखू आणि दारू सोडायला मदत लागते, हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती लागते, आणि धूळ नसलेलं काम लागतं. यातली पहिली कामं दवाखान्याची आहेत. शेवटचं काम कारखान्याच्या शॉप-फ्लोअरवर आणि बांधकामाच्या साइटवर बसलेल्या सुपरवायझरचं आणि ठेकेदाराचं आहे, आणि ते गोळ्यांची शेवटची पट्टी संपते त्या दिवशी सुरू होतं.